अक्षराला जागा कोण देतो? फारसी लिपी आणि ब्राउझरचा इतिहास

चळवळीतल्या तरुण मित्रांशी बोलताना एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येते. "तंत्रज्ञानाला जात नसते, भाषा नसते. मोबाइल सगळ्यांना सारखाच, कीबोर्ड सगळ्यांना सारखाच." ऐकायला हे बरे वाटते. आम्ही मात्र ते तपासून घ्यावे या मताचे आहोत. आणि तपासायचे तर घरापासून थोडे दूरचे उदाहरण घ्यावे, कारण घरातल्या उदाहरणावर लगेच अस्मितेचा रंग चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून या लेखात आम्ही फारसीबद्दल लिहीत आहोत. इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये फारसी लिहिता यावे, लिहिलेले दुरुस्त करता यावे, यासाठी इराणी माणसांना काय काय करावे लागले, त्याचा हा इतिहास आहे.

फारसीच का? कारण ही काही दुबळी भाषा नाही. शेकडो वर्षे ती दरबाराची भाषा होती. मुघलांची होती, दख्खनच्या सुलतानांची होती. मराठीतले कागद, शाई, दफ्तर, अर्ज, जमीन, शहर हे शब्द त्याच वाटेने आले. ज्या भाषेने आपल्या कारभारावर एवढी छाप सोडली, त्या भाषेलाही विसाव्या शतकाच्या शेवटी एका यंत्राच्या दारात ताटकळत उभे राहावे लागले. तेव्हा ज्यांच्या हातात ना दरबार होता ना छापखाना, त्यांनी यंत्र तटस्थ आहे असे मानून चालावे का, हा प्रश्न आहे.

फारसीशी आपले आणखी एक नाते आहे, ते विसरता येत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकायची होती. अस्पृश्याला संस्कृत शिकवणार नाही, असे शिक्षकाने ठरवले आणि आधी थोरल्या भावाला, मग बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. कोणती अक्षरे कोणी शिकायची हे वर्गातला एक माणूस ठरवत होता. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर आत्मसात केली, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वर्गातला तो शिक्षक निदान डोळ्यांना दिसत होता. यंत्रात अक्षरांना जागा देणारा आणि नाकारणारा माणूस दिसत नाही, एवढाच फरक आहे.

आता फारसी लिपीची घडण थोडी समजून घेऊ, नाहीतर पुढचे भांडण कळणार नाही. फारसीत ३२ अक्षरे. त्यातली २८ अरबीतून घेतलेली आणि चार फारसीची स्वतःची: पे, चे, झे आणि गाफ. अरबीत प आणि ग हे उच्चार नाहीत, म्हणून ही भर घालावी लागली. लेखन उजवीकडून डावीकडे. पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, म्हणजे एकाच ओळीत दोन दिशा. अक्षरे एकमेकांना जोडली जातात, आणि शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी किंवा एकटे असताना तेच अक्षर वेगवेगळे रूप घेते. सात अक्षरे अशी की ती पुढच्या अक्षराला हात देत नाहीत. आपल्या जोडाक्षरांइतकीच ही व्यवस्था नियमबद्ध आहे. हाताने लिहिणाऱ्याला तिचा कधी त्रास झाला नाही.

त्रास सुरू झाला संगणकाबरोबर. अमेरिकेत १९६० च्या दशकात ठरलेल्या आस्की या तक्त्यात एकूण १२८ जागा. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राच्या काही आज्ञा एवढ्यात तो संपला. त्यात फारसी तर नव्हतीच, फ्रेंचची डोक्यावर चिन्ह असलेली अक्षरेही नव्हती. हा तक्ता करणाऱ्यांनी कोणाचा द्वेष केला असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या टेबलाभोवती जे बसले होते त्यांच्या गरजा त्यांनी भागवल्या. बाकीचे त्या टेबलाशी नव्हते.

जागा वाढवून २५६ झाली तेव्हा वरच्या अर्ध्या भागात ज्याने त्याने आपापली अक्षरे बसवायला सुरुवात केली. इराणमध्ये डॉसच्या काळात 'इराण सिस्टिम' नावाची पद्धत चालली. तिच्यात अक्षराला क्रमांक नव्हता, अक्षराच्या रूपाला होता. सुरुवातीचा बे वेगळा, शेवटचा बे वेगळा. शिवाय मजकूर पडद्यावर जसा दिसतो तसा, डावीकडून उजवीकडे साठवला जाई. म्हणजे संगणकाला फारसी येत नव्हती, त्याला फक्त फारसीचे चित्र काढता येत होते. शब्द शोधायचा, क्रम लावायचा, मधले एक अक्षर पुसून दुसरे घालायचे, तर शेजारच्या अक्षरांची रूपेही बदलावी लागत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इराणच्या मानक संस्थेने ३३४२ क्रमांकाचे मानक काढून अक्षरालाच क्रमांक देण्याचा मार्ग घेतला, आणि १९९४ मध्ये २९०१ क्रमांकाने कीबोर्डची मांडणी ठरवली. पण तेहरानमध्ये मानक ठरले म्हणून ते विंडोजमध्ये येत नाही.

विंडोजने अरबीसाठी १२५६ क्रमांकाचा तक्ता केला होता. त्यात पे, चे, झे, गाफ होते. फारसी वाचणाऱ्याला वाटले, झाले काम. पण फारसीचा 'ये' त्यात नव्हता. अरबी ये शब्दाच्या शेवटी आला की खाली दोन टिंबे घेतो, फारसी ये घेत नाही. बाहेरच्या माणसाला हा किरकोळ फरक वाटेल. मराठी माणसाला 'ळ'ऐवजी 'ल' छापून दिला आणि वर सांगितले की अर्थ तर कळतोय ना, तर कसे वाटेल, तेवढाच तो किरकोळ आहे.

या काळात वेबवर फारसी कशी दिसत होती? बरीचशी चित्रांच्या रूपात. वर्तमानपत्रे पानाचे चित्र करून टाकत. ते वाचता येई, पण त्यातून एक ओळ उचलून उत्तर देता येत नसे, शोधयंत्राला ते सापडत नसे, चूक दुरुस्त करता येत नसे. वाचकाला वाचण्याचा अधिकार होता, लिहिण्याचा नव्हता. आणि ज्यांना लिहायचेच होते ते इंग्रजी अक्षरांत फारसी लिहीत. त्याला 'फिंग्लिश' म्हणत. आज आपली मुले व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात, तोच प्रकार. आम्ही त्यांना दोष देत नाही. जी वाट मोकळी असते तिने माणूस चालतो. पण त्या वाटेने गेलेला मजकूर पुढच्या पिढीच्या शोधात सापडत नाही, हेही तितकेच खरे.

दार उघडले ते दोन गोष्टींनी. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातल्या लिपींना एकाच तक्त्यात क्रमांक मिळू लागले. जानेवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांमध्ये २०७० क्रमांकाचा दस्तऐवज आला. वेबपानाची भाषा केवळ पश्चिम युरोपापुरती राहू नये, तिच्यात मजकुराची दिशा सांगण्याची सोय असावी, हे त्यात मांडले होते. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या एचटीएमएल ४ मध्ये ही दिशा सांगण्याची सोय अधिकृत झाली. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ पासून सामान्य माणसाच्या ब्राउझरमध्ये जोडलेली, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे बऱ्यापैकी दिसू लागली. २००० मध्ये त्याच ब्राउझरच्या ५.५ आवृत्तीत पानाचा कोणताही भाग जागेवरच संपादित करण्याची सोय आली.

पण कागदावर अधिकार मिळणे आणि तो वापरायला शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संविधान वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. फारसीत हे शिकवण्याचे काम एका साध्या मार्गदर्शिकेने केले. ७ सप्टेंबर २००१ रोजी सलमान जरीरी या तरुणाने फारसीतला पहिला म्हणून ओळखला जाणारा ब्लॉग सुरू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोरांटोत राहणाऱ्या हुसैन देरख्शान या पत्रकाराने युनिकोड वापरून फारसी ब्लॉग कसा काढायचा, याची पायरीपायरीने माहिती फारसीतच लिहून टाकली. त्यात सिद्धांत नव्हता. हे निवडा, ते दाबा, इथे लिहा, असा तो मजकूर. पुढच्या काही वर्षांत हजारो इराणी तरुण, विशेषतः स्त्रिया, लिहित्या झाल्या. २००२ मध्ये इराणी माणसांसाठीच 'पर्शियनब्लॉग' ही सेवा निघाली. लोकांना सिद्धांताइतकीच कृतीची माहिती लागते, आणि ती त्यांच्या भाषेत लागते. आपल्या चळवळीत भाषणांचे संग्रह पुष्कळ निघतात, अशा मार्गदर्शिका फार कमी निघतात, अशी आमची तक्रार आहे.

तरीही एक अडचण उरली होती. अनेकांच्या संगणकात फारसी कीबोर्डच नव्हता. सायबर कॅफेतल्या यंत्रावर तो बसवण्याची मुभा नसे. कॅनडात, स्वीडनमध्ये, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांच्या कीबोर्डवर फारसी अक्षरे छापलेली नसत. मग लोकांनी ब्राउझरच्या आतच कीबोर्ड तयार केला. वेबपानात जावास्क्रिप्टचा एक छोटा तुकडा असे. तुम्ही इंग्रजी कळ दाबली की तो मध्येच पकडे, आणि तिच्या जागी फारसी अक्षराचा क्रमांक घाले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दाबलेल्या कळीचा क्रमांकच बदलून टाकता येई, त्यामुळे काम सोपे होते. मोझिलाच्या ब्राउझरमध्ये तसे करू देत नसत. तिथे आधी कर्सर कुठे आहे ते शोधायचे, त्याच्या आधीचा मजकूर वेगळा काढायचा, नवे अक्षर घालायचे, मागचा मजकूर पुन्हा जोडायचा, आणि कर्सर योग्य जागी परत ठेवायचा, एवढा उपद्व्याप एका अक्षरासाठी. आणि असे केले की 'आधीचे पूर्ववत करा' ही आज्ञा बिघडे, कारण ब्राउझरच्या लेखी माणसाने काही टाइप केलेलेच नसे. लांबलचक लेख लिहिणाऱ्याच्या हातून एक परिच्छेद पुसला गेला की गेला. हे जुगाड होते, पण त्याच जुगाडावर अनेकांनी आपले पहिले फारसी वाक्य वेबवर लिहिले.

आता त्या दोन 'ये'कडे परत येऊ, कारण खरी गंमत आणि खरा अन्याय तिथे आहे. युनिकोडमध्ये अरबी ये चा क्रमांक १६१० आणि फारसी ये चा १७४०. अरबी काफ १६०३, फारसी काफ १७०५. शब्दाच्या मध्ये दोन्ही ये एकसारखेच दिसतात. जुन्या कीबोर्ड मांडण्या बऱ्याचदा अरबी ये आणि अरबी काफ देत. इराणमध्ये लोकप्रिय असलेल्या काही फॉन्टांनी त्यावर उपाय काढला: अरबी ये चीच टिंबे काढून टाकली. वाचणाऱ्याला सगळे ठीक दिसे. आत मात्र अक्षर परके. त्यामुळे झाले असे की 'अली' हे नाव एका माणसाने एका ये ने लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या ये ने, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे 'अली' झाले. शोधले तर अर्धेच सापडणार. नोंदवही, ग्रंथालय, बँक, विद्यापीठ, सगळीकडे ही दुफळी. इराणी प्रोग्रामरांच्या कामाचा एक मोठा भाग अनेक वर्षे फक्त या दोन अक्षरांचे रूपांतर करण्यात गेला आहे आणि अजूनही जातो. मजकूर साठवण्याआधी ये बदला, शोधण्याआधी काफ बदला.

क्रमवारीचे दुखणे आणखी बोलके आहे. युनिकोडच्या तक्त्यात आधी अरबी अक्षरे सलग बसली, आणि फारसीची स्वतःची अक्षरे नंतरच्या जागांवर गेली: पे १६६२, चे १६७०, झे १६८८, गाफ १७११. फारसी वर्णमालेत पे तिसऱ्या क्रमांकावर आहे. पण एखाद्या प्रोग्रामने फक्त क्रमांक बघून यादी लावली की परवीन नावाची मुलगी सगळ्या अरबी अक्षरांच्या मागे, यादीच्या शेवटी जाऊन बसते. तिचा दोष एवढाच की तिच्या नावाचे पहिले अक्षर तक्त्यात उशिरा आले. प्रत्येक भाषेचा योग्य क्रम वेगळा सांगणारे नियम नंतर तयार झाले, आणि नीट केलेल्या प्रणालीत परवीन आता आपल्या जागी येते. पण क्रमांक बदलले नाहीत. युनिकोडचा नियम आहे, एकदा दिलेली जागा बदलत नाही. पहिल्या दिवशी टेबलाशी कोण बसले होते, याचा ठसा तक्त्यात कायमचा राहतो.

अर्ध्या जागेचे प्रकरण तर थेट आपल्याही घरात येते. फारसीत 'मी जातो' हे 'मी-रवम' असे म्हणतात. यातला 'मी' हा क्रियापदाचा प्रत्यय आहे, आपला 'मी' नव्हे. तो शब्दापासून वेगळा दिसावा, अक्षर जोडले जाऊ नये, पण मध्ये पूर्ण जागाही सुटू नये, अशी लेखनाची रीत आहे. पुस्तके म्हणजे 'किताब-हा', तिथेही तेच. पूर्ण जागा सोडली तर ओळीच्या शेवटी प्रत्यय एका ओळीत आणि शब्द दुसऱ्या ओळीत जातो, संगणक ते दोन शब्द मोजतो. जोडून लिहिले तर डोळ्यांना खटकते. यासाठी युनिकोडमध्ये न दिसणारे एक अक्षर आहे, क्रमांक ८२०४. इराणी लोक त्याला 'नीम-फासले' म्हणतात, म्हणजे अर्धे अंतर. बराच काळ ते टाइप करायची धड सोय नव्हती. वर्डमध्ये लोक वेगळ्याच चिन्हाने काम भागवत, आणि तो मजकूर ब्राउझरमध्ये आणला की तिथे नको ते चिन्ह दिसे. २००७ मध्ये इराणच्या ९१४७ क्रमांकाच्या मानकाने नीम-फासले शिफ्ट आणि स्पेसवर आणले. संपादन करताना ते आजही छळते. पडद्यावर काही दिसत नाही, आणि पुसायची कळ एकदा दाबली तर काहीच घडल्यासारखे वाटत नाही, कारण पुसले गेले ते न दिसणारे अक्षर. इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी २००३ मध्ये जे नियम झाले, त्यांनी तर हे अक्षर फालतू समजून गाळूनच टाकले. नंतरच्या नियमांत अटी घालून ते परत घ्यावे लागले.

ज्या अटींवर ते परत आले, त्यातली एक अट हलन्ताच्या नंतर ते चालेल अशी आहे. म्हणजे देवनागरीसाठी. जोडाक्षर होऊ न देता अक्षर पायमोडके दाखवायचे असेल तर मराठीतही हेच ८२०४ लागते, आणि त्याच्या शेजारचे ८२०५ जोडण्यासाठी. मराठीतला 'दर्या' हा शब्द फारसीतूनच आलेला, अर्थ समुद्र. आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. ऐकताना आणि लिहिताना मराठी माणसाला यात गोंधळ होत नाही, पण संगणकाला हा फरक सांगण्यासाठी कधी ऱ चा वेगळा क्रमांक, २३५३, तर कधी ते न दिसणारे ८२०५ वापरावे लागले. दोन पद्धती, म्हणजे पुन्हा एकच शब्द दोन प्रकारे साठवलेला आणि शोधात अर्धाच सापडणारा. हिंदीच्या गरजेपुरती देवनागरी झाली की काम झाले, असे मानणाऱ्यांना हा डोळ्यावरच्या पापणीसारखा र दिसलाच नव्हता.

दिशेचा प्रश्न आम्ही थोडक्यात सांगतो, तो नीट समजायला हातात फारसी कीबोर्डच हवा. फारसी वाक्यात एखादा इंग्रजी शब्द आला, किंवा आकडा आला, की ओळीच्या पोटात दिशा उलटते. अशा वेळी बाणाची उजवी कळ दाबल्यावर कर्सरने पडद्यावर उजवीकडे जावे की मजकुरात पुढे, म्हणजे डावीकडे? वेगवेगळ्या ब्राउझरांनी वेगवेगळी उत्तरे दिली. पूर्णविराम आणि कंस यांना स्वतःची दिशा नसते, ते शेजाऱ्याकडे बघून ठरवतात. लिहिण्याची चौकट मुळात इंग्रजी दिशेची असली की फारसी वाक्याचा पूर्णविराम वाक्याच्या सुरुवातीला उडी मारून बसतो. लोक वैतागून पूर्णविराम वाक्याच्या आधी टाइप करत, म्हणजे दिसायला बरोबर दिसे. मग तोच मजकूर नीट दिशा ओळखणाऱ्या पानावर गेला की तिथे चुकीचा दिसे. पहिल्या अक्षरावरून दिशा आपोआप ओळखण्याची सोय एचटीएमएल ५ बरोबर आली, आणि परक्या दिशेच्या तुकड्याला बाकी वाक्यापासून अलग ठेवणारी चिन्हे युनिकोडमध्ये २०१३ मध्ये. फारसी ब्लॉगचा पहिला बहर तोपर्यंत ओसरून गेला होता.

हे सगळे कोणी दुरुस्त केले? बाजाराने आपोआप केले नाही. मोझिलामध्ये दोन दिशांचा मजकूर हाताळणारा भाग आणण्यात आयबीएमच्या लोकांचा मोठा वाटा होता. तेहरानच्या शरीफ विद्यापीठातल्या 'फारसीवेब' गटाने युनिकोडशी सतत संवाद ठेवला आणि २००२ मध्ये युनिकोडवर आधारलेले ६२१९ क्रमांकाचे इराणी मानक उभे राहिले. त्याच गटातले रूझबेह पूरनादेर यांनी मायकेल एव्हरसन यांच्याबरोबर २००३ मध्ये अफगाणिस्तानातल्या भाषांसाठी, त्यात अफगाणिस्तानची फारसी म्हणजे दरी हीसुद्धा आली, संगणकाच्या गरजांचा आराखडा तयार केला. तिथे युद्ध चालू असताना कोणीतरी कीबोर्डचा विचार करत होते, याचे आम्हाला कौतुक वाटते. फायरफॉक्समधला संपादनाचा भाग काही वर्षे एहसान अखगरी या इराणी प्रोग्रामरच्या देखरेखीखाली होता. बेहदाद इस्फहबोद यांनी दिशा सांभाळणारे 'फ्रीबीदी' वाढवले आणि अक्षरांना योग्य रूप देणारे 'हार्फबझ' घडवले. हार्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडे, मोकळे. ओपनटाइप या तंत्राच्या नावाचे ते फारसी भाषांतर आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांच्यात अक्षरे जोडण्याचे काम ते करते, आणि फक्त फारसीचे नाही. तुम्ही हा लेख अँड्रॉइड मोबाइलवर वाचत असाल, तर यातली प्रत्येक वेलांटी, प्रत्येक रफार एका इराणी माणसाने घडवलेल्या यंत्रणेतून जागेवर बसलेला आहे.

या माणसांना बक्षीस काय मिळाले तेही सांगितले पाहिजे. २००३ मध्ये सीना मोतल्लेबी या ब्लॉगरला अटक झाली. ती मार्गदर्शिका लिहिणारे देरख्शान २००८ मध्ये तेहरानला गेले असता पकडले गेले, त्यांना साडेएकोणीस वर्षांची शिक्षा झाली आणि सहा वर्षांनी, २०१४ मध्ये ते सुटले. ओमिद रझा मीर सय्याफी हा तरुण ब्लॉगर मार्च २००९ मध्ये एविन तुरुंगात मरण पावला. सत्तार बेहेश्ती हा मजुरी करणारा ब्लॉगर नोव्हेंबर २०१२ मध्ये सायबर पोलिसांच्या कोठडीत मेला. बेहदाद इस्फहबोद २०२० च्या सुरुवातीला घरच्यांना भेटायला तेहरानला गेले, तेव्हा गुप्तचरांनी त्यांना उचलले, एकांत कोठडीत ठेवले आणि मित्रांवर हेरगिरी करण्याचे कबूल करवून घेऊन सोडले. बाहेर आल्यावर त्यांनी ते काम केले नाही, उलट जगाला सांगून टाकले.

दुसऱ्या बाजूने अमेरिकेचे निर्बंध. मुक्त सॉफ्टवेअर ठेवण्याच्या ठिकाणांवर इराणी माणसाला कधी प्रवेश, कधी बंदी. २०१० मध्ये सोर्सफोर्जने दार लावले, २०१९ मध्ये गिटहबने इराणी खात्यांवर मर्यादा घातल्या, जानेवारी २०२१ मध्ये सरकारी परवाना मिळवून त्या उठवल्या. म्हणजे आपल्याच लिपीची दुरुस्ती करून जगाला फुकट देणाऱ्या माणसाला एकीकडून आपले सरकार मारत होते आणि दुसरीकडून परके सरकार हाकलत होते. अशा परिस्थितीत साबेर रास्तीकेरदार यांनी 'देजाव्हू' या मुक्त फॉन्टच्या आधारे 'वझीर' हा फारसी फॉन्ट तयार केला आणि कोणालाही वापरू दिला. आज असंख्य फारसी संकेतस्थळे त्यात दिसतात. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

इथवर वाचून फारसीबद्दल सहानुभूती वाटली असेल तर ती असू द्या, पण आपण आंबेडकरी विचाराचे लोक एवढ्यावर थांबत नाही. विषमता पायरीपायरीची असते आणि वरच्याकडून लाथ खाणारा खालच्याला लाथ मारतो, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. फारसी ही इराणची राजभाषा आहे. तिच्या सावलीत कुर्द आहेत, अझेरी आहेत, बलोच आहेत. सोरानी कुर्दीत 'अ' सारख्या स्वराला स्वतंत्र अक्षर लागते. युनिकोडमध्ये त्याची जागा आहे, क्रमांक १७४९. पण कीबोर्डवर ते अक्षर नव्हते, फॉन्टात नव्हते. मग कुर्दी लिहिणाऱ्यांनी काय केले? फारसीचा 'हे' घेतला आणि त्याच्यापुढे ते न दिसणारे ८२०४ लावले, म्हणजे अक्षर पुढच्याला चिकटत नाही आणि आपल्या स्वरासारखे दिसते. ज्या अर्ध्या जागेसाठी फारसीवाले भांडले, तीच उसनी घेऊन कुर्दांनी आपला स्वर वेबवर आणला. आज कुर्दी मजकुरावर काम करणाऱ्यांना आधी हे सगळे 'हे' शोधून खऱ्या अक्षरात बदलावे लागतात. फारसीवाल्यांचे दोन ये जसे, तसे हे. तेहरानमधल्या मानकांच्या चर्चेत अरबी वर्चस्वाची खंत पुष्कळ ऐकू येते. कुर्दी स्वराची तितकी येत नाही.

आपल्याकडे परत येतो. भारतात इस्की हा सरकारी तक्ता १९९१ मध्ये मानक झाला, युनिकोडची देवनागरी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. तरी छपाईच्या दुकानांत वर्षानुवर्षे चालले ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फॉन्ट. त्यांच्यात अक्षराला नव्हे, अक्षराच्या तुकड्याला क्रमांक, तोही इंग्रजी अक्षराच्या जागेवर. इराण सिस्टिमने जे केले तेच. फॉन्ट गेला की मजकुराचा चिखल होतो. १४ एप्रिल, ६ डिसेंबरचे विशेषांक, जिल्ह्यातली मासिके, परिषदांचे ठराव, स्मरणिका, लग्नपत्रिकेच्या मागे छापलेल्या बावीस प्रतिज्ञासुद्धा, यातले कितीतरी अशा फाइलींमध्ये पडून आहे. आम्ही स्वतः अशा सीडी उघडून पाहिल्या आहेत. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रास येते आणि मध्येच एखादा आकडा ओळखू येतो.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत', आणि स्वतःचा भारत भूषण छापखाना. आपले खिळे आपल्या हातात असावेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने बरेचसे होते, पण रफार, ऱ्य आणि अनुस्वार तो हमखास चुकवतो. त्यामुळे दर पानाला एका माणसाने मूळ छापील अंक शेजारी ठेवून बसावे लागते. सराव झाला की एका तरुणाकडून दिवसाला आठ-दहा पाने निघतात. ज्यांच्याकडे जुन्या फाइली आणि छापील अंक दोन्ही आहेत, त्यांनी आधी त्या अंकांचे फोटो काढून ठेवावेत, कारण कागदाला वाळवी लागते आणि सीडीवर बुरशी चढते, आणि दोन्ही गेल्यावर पडताळायला काही उरत नाही.